मोटारीचे नाक

घरात मोटार आली म्हणजे तिच्यामागोमाग चिंताही येतात. कर्जाचा हप्ता, विमा, गाडी उभी करावयास जागा आणि सोसायटीतल्या मुलांचा क्रिकेटचा चेंडू, या झाल्या जुन्या चिंता. अलीकडे त्यांत एका नव्या चिंतेची भर पडली आहे. गाडी व्यवस्थित धावत असते, कोठे आवाज नाही, धक्का नाही, आणि एकाएकी चालकासमोरच्या फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली तरी तो विझत नाही. रविवारी गृहस्थ गाडी घेऊन गॅरेजात जातात. मिस्त्री एक लहानसे यंत्र गाडीला जोडतो, क्षणभर पाहतो आणि निकाल देतो, "साहेब, ऑक्सिजन सेन्सर गेला. बदलावा लागेल."

ऑक्सिजन सेन्सर ही काय वस्तू आहे, ती कोठे असते, ती 'गेली' हे मिस्त्र्याने कशावरून ठरवले, याची कल्पना शंभरांतल्या नव्वदांना नसते. साहजिकच मान डोलावली जाते, काही हजार रुपये मोजले जातात आणि दिवा विझलेला पाहून मंडळी समाधानाने घरी येतात. पुष्कळदा ते समाधान आठवडाभरच टिकते. दिवा पुन्हा लागतो! आता मात्र चूक कोणाची हे कळेनासे होते. म्हणून या वस्तूची ओळख करून घेणे आणि तिच्या दुखण्याचे निदान कसे करतात हे समजून घेणे, हे मोटार बाळगणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या हिताचे आहे. येथे विचार पेट्रोलच्या गाड्यांचा आहे. डिझेलच्या गाड्यांचे शास्त्र थोडे निराळे.

अननसाच्या वासापासून धुरापर्यंत

या वस्तूच्या जन्माची कथा अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरापासून सुरू होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या शहरावर तपकिरी धुके उतरू लागले. लोकांचे डोळे चुरचुरत, घसा दुखे, आसपासच्या शेतांतील भाजीची पाने करपत. कारखान्यांना दोष देऊन झाला, पण उलगडा होईना. तेथील कॅलटेक या संस्थेत आरी हागेन-स्मिट नावाचे डच जन्माचे रसायनशास्त्रज्ञ होते. अननसाला त्याचा वास कोणत्या द्रव्यांमुळे येतो, याचा अभ्यास ते करीत. वास गोठवून त्याचे पृथक्करण करण्याची तीच हातोटी त्यांनी शहराच्या हवेवर चालवली. मोटारींतून आणि तेलशुद्धीच्या कारखान्यांतून निघणारे न जळलेले इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर ऊन पडले की ओझोन आणि इतर दाहक द्रव्ये तयार होतात, असे त्यांनी १९५० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत दाखवून दिले.

पुढे कॅलिफोर्निया राज्याने मोटारींच्या धुरावर कडक नियम घातले आणि मोटार-कारखानदारांना डोके खाजवावे लागले. यातून आला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुराच्या नळीत बसवलेली शुद्धीची पेटी. तिच्यातील मधाच्या पोळ्यासारख्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मोलाच्या धातूंचा अतिशय पातळ थर असतो. त्याच्या स्पर्शाने विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या तिघांचे बऱ्याच अंशी निरुपद्रवी वायूंत रूपांतर होते.

पण या पेटीचा एक हट्ट असतो. इंजिनात जाणाऱ्या हवेचे आणि पेट्रोलचे प्रमाण बिनचूक असेल तरच ती तिन्ही कामे करते. एक भाग पेट्रोलाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, असे ते प्रमाण. पेट्रोल जास्त झाले तर दोन विषे तशीच बाहेर पडतात. हवा जास्त झाली तर तिसरे. जुन्या फियाटच्या कार्ब्युरेटरचा स्क्रू कान देऊन पिळणारे मिस्त्री मोठे कसबी होते यात शंका नाही. परंतु धावत्या गाडीत, चढावर, उतारावर, थंडीत, उन्हात, क्षणाक्षणाला हे प्रमाण सांभाळणे कोणाही माणसाच्या कानाला शक्य नव्हते. त्यासाठी गाडीलाच नाक हवे होते. जर्मनीच्या बॉश कंपनीने ते तयार केले आणि १९७६ साली स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने अमेरिकेत जाणाऱ्या आपल्या २४० मालिकेतील गाड्यांना ते प्रथम बसवले. हवा आणि इंधन यांचे प्रमाण ज्या ग्रीक अक्षराने दाखवतात, त्यावरून त्याचे नाव पडले 'लॅम्डा सोंड'. आजचा ऑक्सिजन सेन्सर तो हाच.

आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिसे मिसळलेले पेट्रोल ही पेटी आणि हे नाक दोघांनाही मारक. म्हणून त्याच वेळी तेथे शिसेविरहित पेट्रोल आले, आणि २००० सालच्या फेब्रुवारीपासून ते देशभर झाले. कार्ब्युरेटर मागे पडून इंजेक्शनची इंजिने आली, आणि त्यांच्याबरोबर हे नाकही आपल्या दारात येऊन उभे राहिले.

हे नाक वास कसे घेते?

दिसायला ही वस्तू स्पार्क प्लगच्या भावासारखी असते. धुराच्या नळीत ती आट्यांनी बसवलेली असते आणि तिच्या शेपटीतून वायरी निघतात. तिच्या पोटात झिर्कोनिया नावाच्या चिनी मातीसारख्या पदार्थाची टोपी असते आणि टोपीच्या आतून-बाहेरून प्लॅटिनमचा मुलामा. टोपीच्या एका अंगाला इंजिनाचा धूर, तर दुसऱ्या अंगाला आपली बाहेरची हवा. टोपी साधारण ३०० अंशांच्या वर तापली म्हणजे तिच्यातून ऑक्सिजनचे विद्युत्भारित कण सरकू लागतात, आणि दोन्ही अंगांच्या ऑक्सिजनमध्ये जितकी तफावत, तितका विजेचा दाब निर्माण होतो. हा दाब सांगणारे सूत्र वाल्टर नेर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ साली मांडले होते. गंमत अशी की, याच नेर्न्स्ट महाशयांनी पुढे झिर्कोनियाची कांडी तापवून एक विजेचा दिवाही तयार केला होता. १९२० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. पण त्यांचे सूत्र आणि त्यांच्या दिव्यातला पदार्थ एकत्र येऊन मोटारीच्या पोटात जाऊन बसतील, हे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल.

धुरात ऑक्सिजन उरलाच नाही, म्हणजे पेट्रोल जास्त झाले, तर हे नाक सुमारे ०.९ व्होल्टचा निरोप पाठवते. ऑक्सिजन उरला, म्हणजे पेट्रोल कमी पडले, तर सुमारे ०.१ व्होल्टचा. गाडीतील संगणक तो निरोप ऐकून पेट्रोल थोडे कमी करतो, मग थोडे वाढवतो, पुन्हा कमी करतो. ऊस गाळणारा जसा क्षणोक्षणी चाखून लिंबू-आल्याचे प्रमाण जमवत राहील, तसाच हा प्रकार. त्यामुळे निरोगी नाकाचा निरोप एका जागी स्थिर राहत नाही; तो वर-खाली झुलत असतो.

बहुतेक नव्या गाड्यांत अशी दोन नाके असतात. एक शुद्धीच्या पेटीच्या आधी आणि दुसरे तिच्यानंतर. पहिले पेट्रोलचे माप ठरवते; दुसरे पेटी आपले काम करते की नाही यावर पहारा ठेवते. थंड इंजिनात नाक लवकर तापावे म्हणून त्याच्या पोटात विजेची लहानशी शेगडीही असते. तिला हीटर म्हणतात.

नाक चोंदले म्हणजे

पहिले नाक खरोखरच बिघडले, तर संगणक आंधळ्यासारखा चालू लागतो. इंजिन बंद पडू नये म्हणून तो अंदाजाने पेट्रोल सोडतो, आणि पुष्कळदा जास्तच सोडतो. लिटरमागे कापलेले अंतर घटते, नळीच्या तोंडाशी काजळी धरते, कच्च्या पेट्रोलचा वास येतो, सिग्नलला उभे असताना इंजिन थरथरते. समजा, आपली गाडी लिटरला १५ किलोमीटर जात होती आणि आता १२ जाऊ लागली. महिन्याला १,००० किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाला पूर्वी सुमारे ६७ लिटर पेट्रोल लागे, आता ८३ लागेल. वाण्याच्या बिलात दरमहा सोळा लिटर तेलाचा फरक पडला असता, तर कोणत्या गृहिणीने तो खपवून घेतला असता?

पण याहून मोठे नुकसान पुढेच आहे. जास्तीचे पेट्रोल शुद्धीच्या पेटीत जाऊन जळते. पेटी भाजून निघते, तिची जाळी वितळून धुराची वाटच तुंबू शकते. सेन्सरची किंमत हजारांत असते. पेटीची त्याच्या कितीतरी पट. आणि पेटी मेली की आपल्या गाडीचा धूर, शाळेच्या फाटकाशी मुलाला उतरवताना, मागच्या रांगेतल्या मुलांच्या नाकाशी सोडला जातो. म्हणून पिवळ्या दिव्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. तो लुकलुकत असेल तर अधिकच सावध व्हावे. इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरात ठिणगी चुकते आहे आणि पेटी धोक्यात आहे, असा त्याचा अर्थ. अशा वेळी वेग कमी करून, सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवणे बरे.

चोर सोडून संन्याशाला सूळ

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. दिवा लागला, यंत्राने सेन्सरकडे बोट दाखवले, म्हणजे सेन्सर बिघडला असे होते काय? मुळीच नाही. वाईट बातमी आणणाऱ्या पोस्टमनला कोणी चोप देत नाही. गॅरेजात मात्र हे रोज घडते.

एक उदाहरण कल्पनेत आणा. ठाण्याला राहणारे एक कुटुंब, सात-आठ वर्षांची गाडी, आणि दिवाळीला कोल्हापूरला जाण्याचा बेत. दिवा लागतो. यंत्रावर संकेत येतो 'पी ०१७१', म्हणजे 'मिश्रणात पेट्रोल कमी'. मिस्त्री म्हणतो, "साहेब, सेन्सर चुकीचं दाखवतोय. नवीन टाकू." नवा सेन्सर बसतो, संकेत पुसला जातो, दिवा विझतो. चार दिवसांनी पुन्हा तेच. घरी गृहिणी विचारते, "अहो, पण जुना बिघडला होता हे त्यांनी बघितलं तरी का?"

प्रश्न अगदी बिनतोड आहे. जुना सेन्सर खरेच बोलत होता! इंजिनाला जाणारी एक रबरी नळी कडेला चिरली होती आणि तिच्यातून मापात न धरलेली हवा आत शिरत होती. पेट्रोल खरोखरच कमी पडत होते. थोडक्या पैशांची नळी बदलण्याऐवजी काही हजारांचा निरपराध सेन्सर बळी गेला. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, म्हणतात ते हेच.

असे खरे गुन्हेगार आणखीही आहेत. सेन्सरच्या आधी धुराच्या नळीला चीर असली किंवा तिचे गास्केट फुटले असले, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि नाकाला फुकटचा ऑक्सिजन मिळतो. ठिणगी चुकली तर न वापरलेला ऑक्सिजन तसाच धुरात येतो. पेट्रोलचा पंप थकला, फिल्टर तुंबला, हवेचे माप घेणारा सेन्सर मळला, तरी ओरड याच नाकाच्या नावाने होते. शिवाय आपल्या सोसायट्यांतले उंदीर! पावसाळ्यात ऊब शोधत ते इंजिनापाशी येतात आणि वायरी कुरतडतात. बाहेरून सीएनजीचे किट बसवले असेल, तर सेन्सरच्या वायरीला कोठे जोड दिला आहे काय, हेही पाहावे.

संकेत वाचावा कसा?

चाकाखालच्या बाजूस, फलकाच्या पोटाशी, सोळा टोकांचे एक सॉकेट असते. त्यात यंत्र जोडले की संकेत दिसतात. फोनशी जोडता येणारी लहान यंत्रेही बाजारात मिळतात. गृहस्थांनी मिस्त्र्याला एवढेच म्हणावे, "भाऊ, पुसण्याआधी नंबर तेवढा लिहून द्या." कारण नंबरातच अर्धे निदान असते.

'पी ०१३५' म्हणजे पहिल्या सेन्सरच्या हीटरचा विद्युत्मार्ग. 'पी ०१४१' म्हणजे दुसऱ्याच्या हीटरचा. येथे सेन्सरवर हात टाकण्याआधी फ्यूज पाहावा. 'पी ०१३१' म्हणजे निरोपाचा दाब सतत कमी, 'पी ०१३२' म्हणजे सतत जास्त. 'पी ०१३३' म्हणजे नाक मंदावले आहे, आणि 'पी ०१३४' म्हणजे ते गप्पच आहे. 'पी ०१७१' आणि 'पी ०१७२' हे मिश्रणाचे संकेत आहेत. ते सेन्सरवर आरोप करीतच नाहीत. 'पी ०४२०' हा शुद्धीच्या पेटीविषयीचा संशय आहे.

परीक्षा

चांगला मिस्त्री पुढील क्रमाने जातो. प्रथम डोळ्यांनी पाहणी: वायर नळीला टेकून वितळली आहे काय, उंदराने कुरतडली आहे काय, कनेक्टरमध्ये पाणी वा हिरवट गंज आहे काय. मग कान: थंड इंजिन सुरू करताच नळीच्या सांध्यातून टकटक वा फुसफुस ऐकू येते काय.

नंतर हीटर. सेन्सरला चार वायरी असतील तर त्यांतल्या दोन हीटरच्या असतात. कनेक्टर सोडवून मल्टिमीटरने त्या दोहोंमधला रोध मोजावा. तो गाडीगणिक निराळा, पण थोड्याच ओहमचा असतो. काटा 'अनंत' दाखवत असेल तर आतली तार तुटली, आणि सेन्सर बदलणे भागच आहे. रोध बरोबर असेल तर गाडीच्या बाजूच्या कनेक्टरला १२ व्होल्ट पोचतात काय ते पाहावे. पोचत नसतील तर दोष फ्यूजचा, रिलेचा किंवा वायरीचा.

शेवटी नाकाची खरी परीक्षा, म्हणजे त्याला मुद्दाम वास देऊन पाहणे. इंजिन पुरते तापवून, सुमारे २,५०० फेऱ्यांवर स्थिर ठेवून यंत्रावर पहिल्या सेन्सरचा दाब पाहावा. सेकंदा-दोन सेकंदांत एकदा तरी तो ०.२ च्या खाली आणि ०.८ च्या वर झुलला पाहिजे. ॲक्सिलरेटर झटकन दाबताच तो वर उसळला पाहिजे, आणि एखादी हवेची बारीक नळी क्षणभर सैल करताच खाली कोसळला पाहिजे. असे झाले तर नाक शाबूत आहे. चोर दुसरीकडे शोधावा. काही केल्या ते एकाच जागी अडून बसले, किंवा आळसावल्यासारखे हळूहळू हलले, तरच त्याला दोषी ठरवावे. दुसऱ्या सेन्सरचा न्याय मात्र उलटा. तो ०.६-०.७ च्या आसपास शांत राहणे हे पेटीच्या आरोग्याचे लक्षण. बऱ्याच नव्या गाड्यांत पहिला सेन्सर निराळ्या, विस्तृत मापाच्या जातीचा असतो. त्याला हे आकडे लागू नाहीत, तेथे कंपनीच्या पुस्तकातील आकडे घ्यावेत.

बदलावाच लागला तर

जुन्या सेन्सरचे तोंड काय सांगते ते आधी वाचावे. काळी भुकटी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जात होते; ते न सुधारता नवा बसवला तर तोही काळवंडेल. पांढरा, दाणेदार थर असेल तर गास्केटला लावलेल्या सिलिकोनच्या लुकणाची बाधा, किंवा इंजिनात शिरणारे रेडिएटरचे पाणी. तपकिरी राख असेल तर इंजिन ऑइल जळते आहे. घासून वा पेट्रोलात बुडवून सेन्सर साफ करण्याच्या भानगडीत पडू नये.

काढताना इंजिन कोमट असावे. लालबुंद नळीला हात लावू नये, आणि गार नळीत अडकलेल्या आटीवर जोर करू नये. आदल्या रात्री आटीला गंज सोडवणारे तेल द्यावे. पुष्कळ सेन्सरना २२ मिलिमीटरचा पाना लागतो. वायर बाहेर राहावी म्हणून चीर असलेले सॉकेट मिळते, ते वापरावे. नव्याच्या आट्यांना आट्या न धरण्याचे मलम लावलेलेच असते. नसेल तर किंचित लावावे, पण टोकाला त्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. नवा सेन्सर हातून जमिनीवर पडला तर आतली टोपी तडकू शकते. आणि वायरीला कधीही डाग देऊन जोडू नये. पुष्कळ सेन्सर बाहेरची हवा वायरीच्या तारांमधल्या सूक्ष्म फटींतूनच घेतात. डाग दिला की त्यांचा श्वास कोंडतो. हे काम बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवून कधीही करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

काम झाल्यावर संकेत पुसून गाडी शहरात आणि मोठ्या रस्त्यावर चांगली फिरवावी, आणि मगच पैसे चुकते करावेत. नुसती बॅटरी सोडून दिवा विझवणारे, किंवा दुसऱ्या सेन्सरला पोकळ तुकडा लावून त्याला फसवणारे कारागीर भेटतात. त्यांना नम्रपणे नमस्कार करावा. दिवा विझतो, दुखणे राहते. आणि पीयूसीच्या चाचणीत ते केव्हातरी बाहेर येते. बीएस-४ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना उभ्या इंजिनात कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे आणि वाढवलेल्या फेऱ्यांवर लॅम्डाचा आकडाही १ च्या जवळच, ०.०३ पेक्षा कमी-अधिक नसावा लागतो. तो कागद हाती येतो तेव्हा आपण फक्त तारीख पाहतो. यापुढे हे दोन आकडेही पाहावेत. ते सावकाश बिघडत चालले असतील तर दिवा लागण्याआधीच आपण सावध होऊ.

दिवाळीच्या निमित्ताने घरातली माळ्यावरची धूळ आपण झाडतो. त्याच दिवशी अर्धा तास गाडीलाही द्यावा. पिवळा दिवा इंजिन सुरू करताना क्षणभर लागून विझतो ना? कोणी त्याचा बल्बच काढून ठेवलेला नाही ना? गेल्या तीन टाक्यांना लिटरमागे किती किलोमीटर पडले? हे तीन प्रश्न आणि उत्तरे एका वहीत लिहून ठेवावीत, आणि पुढच्या वेळी मिस्त्री "सेन्सर गेला" म्हणाला, तर ती वही पुढे करून आपुलकीने विचारावे, "भाऊ, आधी तपासून बघू या का?" चांगल्या कारागिराला या प्रश्नाचा राग येत नाही. उलट, समजणारे गिऱ्हाईक भेटले म्हणून तो चार गोष्टी आणखी सांगतो.